बाई गेल्या, आणि मुलगी एकदाही रडली नाही

तिसरीतल्या मुलीची आई विचारत होती, "तिच्या लाडक्या बाई दीड महिन्यापूर्वी अचानक वारल्या. त्या दिवशी पोरगी रडली नाही. जेवली, खेळायला गेली. आता रोज शाळेच्या वेळेला पोटात दुखतं म्हणते. डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही. उगाच आठवण नको म्हणून आम्ही घरात बाईंचा विषयच काढत नाही. बरोबर करतोय ना?" (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

हेतू मायेचा आहे, पण विषय टाळणं मुलीच्या फायद्याचं नाही. मुलीला आठवण येतेच, फक्त ती बोलायला घरात जागा उरत नाही.

जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळांत एकच बाई पहिलीपासून वर्ग घेऊन वर चढतात. भाषा, गणित, परिपाठ सगळं त्यांच्याकडेच. खिचडी आधी चाखून बघणाऱ्या त्याच आणि सुटलेली वेणी घालून देणाऱ्याही त्याच. असं माणूस गेलं की मुलाच्या दृष्टीनं घरातलंच कुणी गेलेलं असतं. पण बाईंच्या घरी सुतक असतं, दहावा-तेरावा होतो, लोक भेटायला येतात. वर्गातल्या मुलांना भेटायला कुणी येत नाही.

न रडण्याची काळजी मात्र नको. या वयाची मुलं दुःख तुकड्यातुकड्यानं पेलतात. दहा मिनिटं गप्प बसतील, मग लंगडी खेळायला पळतील. गेलेलं माणूस परत येत नाही, हे आठ वर्षांच्या मुलाला साधारण कळलेलं असतं. घोटाळा होतो तो 'का गेलं' याच्या उत्तरात. ते मोठ्यांनी दिलं नाही तर मूल स्वतः तयार करतं, आणि बहुतेक वेळा त्यात दोष स्वतःकडे घेतं.

इथे तेच झालं होतं. तिला थेट काही न विचारता वर्गाचं चित्र काढायला दिलं. फळा, बाक, खुर्ची आणि खुर्चीजवळ मोठं तोंड उघडलेल्या बाई. बाई काय म्हणतायत, एवढंच विचारल्यावर उत्तर आलं: "तुमच्या दंग्यानं माझं डोकं फुटायची वेळ आलीय." जाण्याच्या आदल्या दिवशी बाई खरंच तसं म्हणाल्या होत्या, आणि दुसऱ्या बाकावर ही मैत्रिणीसोबत हसत होती. दुसऱ्या दिवशी मोठ्यांच्या बोलण्यातून 'डोक्यात रक्तस्राव' हे शब्द तिच्या कानावर पडले. शाळेच्या वेळेला पोट का दुखायचं, ते इथे उलगडलं.

आईनं मुलीला काय सांगायचं, ती वाक्यं ठरवून दिली: "बाईंच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. त्यांना रक्तदाबाचा आजार होता. मुलांच्या दंग्यानं किंवा हसण्यानं असं होत नाही. बाई वारल्या, त्या परत येणार नाहीत. मलाही वाईट वाटतं." हे एकदा सांगून भागत नाही. मूल तोच प्रश्न आठवडाभर विचारतं आणि दर वेळी त्याच शब्दांत उत्तर लागतं. 'झोपेतच गेल्या' म्हटलं की मूल झोपायला घाबरतं. 'देवानं नेलं' म्हटलं की पुढचा नंबर कुणाचा, ही भीती बसते.

उरलेलं काम शाळेत होतं. परिपाठात दोन मिनिटं मौन पाळून वर्गात हार घातलेला फोटो लावला होता. त्यातून मुलांना बाईंचा मृत्यू कळला, पण बाईंचं आयुष्य त्यात कुठेच नव्हतं. मुख्याध्यापकांशी बोलून फक्त त्या वर्गासाठी अर्ध्या तासाचा कार्यक्रम ठरला. बाईंच्या घरच्यांना विचारून चार-पाच गोष्टी आणल्या: लहानपणी त्या कुठल्या शाळेत होत्या, कशाला घाबरायच्या, पहिल्या नोकरीच्या गावी कशा जायच्या. आपल्या बाईसुद्धा कधीकाळी तिसरीत होत्या, हे ऐकून मुलं आधी गप्प झाली, मग प्रश्नांवर प्रश्न सुरू झाले.

मग एक दोनशेपानी वही, प्रत्येकाला एक पान. बाईंनी मला शिकवलेली एक गोष्ट, बाईंची एक सवय, बाईंना सांगायचं राहिलेलं काही. लिहा, चित्र काढा किंवा पान कोरं ठेवा. शुद्धलेखन तपासायचं नाही, लाल पेन वहीला लावायचा नाही. एका मुलानं लिहिलं, "बाई मला रोज रागवायच्या कारण मी नखं कापत नव्हतो." हे पान सर्वांत मोलाचं. फक्त कौतुकच लिहायला लावलं तर ओरडा खाल्लेल्या मुलांना दुःख व्यक्त करायला वाव राहत नाही. वही वाचनकोपऱ्यात मुलांच्या हाताला येईल अशी ठेवायची, कपाटात कुलूपबंद नाही.

असे कार्यक्रम फसतात ते ठरलेल्या कारणांनी. पाहुण्यांची भाषणं होतात, सर्वांत चांगल्या पानाला बक्षीस दिलं जातं, रडणाऱ्या मुलांचं मोबाइलवर शूटिंग होतं. नव्या बाईंनी पहिल्याच दिवशी "आता मीच तुमची बाई" म्हणणंही मुलांना खुपतं. त्यापेक्षा "तुमच्या बाई पाढे कसे घ्यायच्या, मला दाखवा," असं म्हणून ती एक पद्धत चालू ठेवावी. इथल्या नव्या बाईंनी तसंच केलं, त्याचा फार उपयोग झाला.

या मुलीचं पोट तीनेक आठवड्यांत शांत झालं. ५ सप्टेंबरच्या आसपास पुन्हा दोन दिवस दुखलं. असं होईल हे आईला आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे घरात घबराट झाली नाही. अशा दिवशी शाळा बुडवू देऊ नये, पण सकाळची दहा मिनिटं तिच्याजवळ बसावं.

शाळेला न जाणं, अंथरूण ओलं करणं, एकटं झोपायला नकार किंवा खाणं तुटणं आठवड्यामागून आठवडे चालू राहिलं, तर समुपदेशकाला दाखवावं. मूल स्वतः मरण्याबद्दल किंवा 'मलाही बाईंकडे जायचंय' असं बोललं तर त्याच दिवशी मदत घ्यावी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतूनही.