रोड बाईक एक साईझ मोठी आहे. शर्यतीसाठी बदलावी का?

तुम्ही लिहिलंय की ग्रुपमधले म्हणतात, ‘चालव, अंगाला सवय होते.’ हेच ऐकून माझे दोन हंगाम वाया गेले.

मला ५४ ची (सेंटिमीटर मापाची) फ्रेम लागते. दादाची ५८ ची होती, तीच चालवायला मिळाली. हँडल लांब पडायचं, म्हणून दादानं सॅडल, म्हणजे सीट, पार पुढे सरकवून दिली. त्यानं घात केला. सॅडलची जागा पेडलवरून ठरते, हँडलवरून नाही. ती पुढे गेली की अंगाचं वजन हातांवर येतं. तासाभरात करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायचं, कारण तळहाताच्या त्या बाजूची नस दाबली जाते. दादा म्हणायचा, ‘शर्यत पायांनी जिंकतात.’

एका शर्यतीत शेवटचे ८ किलोमीटर आडवा वारा लागला. सगळे ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खालच्या वळणावर, वाकले. मी वाकलो तर कोपरं ताठ, मान वर होईना. हुड्सवर, म्हणजे वर ब्रेकच्या मुठींवर, आलो आणि पुढच्याच्या चाकामागून मी सुटलो. आधी एक मीटर, मग पाच. पायांत जोर शिल्लक होता. दमून सुटलो असतो तर काहीच म्हणणं नव्हतं.

पुढच्या हंगामात मित्राची ५४ ची आणली आणि घोळक्यात शेवटपर्यंत टिकलो. दादाच्या मते माझा सराव वाढला होता. नव्हता. वहीत नोंद आहे, आठवड्याचे तास तेवढेच.

तर तुमचं. आधी सॅडल पेडलच्या हिशेबानं बसवा, मग हँडलचं अंतर बघा. १०-२० मिलिमीटरचा फरक स्टेमनं, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणाऱ्या तुकड्यानं, निघतो. ८० मिलिमीटरपेक्षा आखूड स्टेम लागत असेल, किंवा स्टेमखालच्या सगळ्या चकत्या (स्पेसर) काढूनही हँडल उंचच राहत असेल, तर विका. आखूड स्टेमनं लांबी कमी होते, समोरची उंची नाही. नवी घेताना ५४-५६ या आकड्यावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. स्टॅक आणि रीच, म्हणजे पेडलच्या धुरीपासून फ्रेमच्या पुढच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची उंची आणि आडवं अंतर, पडताळा.

हँडलबार जुना, जास्त पुढे जाणारा असेल तर आधी फक्त तो बदलून बघा. कॉम्पॅक्ट, म्हणजे कमी पुढे जाणाऱ्या, बारनं १०-१५ मिलिमीटर सहज वाचतात. आणि फ्रेम लहान असती तर मी इतकं ठाम बोललो नसतो. तिथं लांब स्टेम लावता येतो, सीटपोस्ट खुणेपर्यंत वर काढता येतो.

वजनाला मात्र भुलू नका. यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या) रोड शर्यतींत ६.८ किलोखालची सायकल चालतच नाही. दादाची ५८ त्या उसन्या ५४ पेक्षा हलकी होती, आणि पुढच्याचं चाक हातचं गेलं ते तिच्यावर असताना.