मांडव्याहून वेंगुर्ल्यापर्यंत छोट्या बोटीने जायचं आहे. उथळ पाणी आणि वादळ यांची तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही तिघे आहात, बोटीला शीड आणि इंजिन दोन्ही आहे, तळ पाण्याखाली सव्वा मीटर जातो, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने जात दर रात्री एका नव्या खाडीत मुक्काम करायचा बेत आहे. त्यातला 'दर रात्री नवी खाडी' हा भाग सोडून द्या. बाकी बेत छान आहे.

कोकणात छोटी बोट संकटात सापडते ती बहुतेक खाडीच्या तोंडाशी. नदी वाळू आणि गाळ आणून टाकते, समुद्राची लाट तो मागे ढकलते आणि मुखाशी वाळूचा आडवा दांडा बसतो. पावसाळ्यात पुराने तो फुटतो, सरकतो आणि पुढच्या हंगामात वेगळ्याच जागी असतो. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूची बेटं कशी जागा बदलतात हे कुणीही उभं राहून पाहू शकतं. त्यामुळे मागच्या वर्षी कुणी जीपीएसवर जतन केलेली वाट यंदा तुम्हाला सरळ वाळूवर नेऊ शकते. देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे नकाशे जरूर घ्या, खडक आणि दीपगृहांसाठी ते लागतातच. पण दांड्यावर आज किती पाणी आहे हे गावातला तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख खलाशीच सांगेल. त्याला विचारताना तुमची बोट किती पाण्यात बसते तेही सांगा, नाहीतर तो त्याच्या होडीच्या हिशोबाने वाट दाखवेल.

मुक्कामासाठी अशीच ठिकाणं धरा जिथे भरती असो वा ओहोटी, कधीही आत शिरता येतं: राजपुरीच्या खाडीत दिघी, मग जयगड, विजयदुर्ग, देवगड. विजयदुर्गच्या मुखाशी तर दांडाच नाही. मराठा आरमाराने ते बंदर उगाच निवडलं नव्हतं. बाणकोट, आंजर्ले, पूर्णगड, आचरा, कर्ली ही सगळी सुंदर ठिकाणं आहेत, पण ती दिवसा, चढत्या पाण्याला, समुद्र शांत असताना पाहायची. तिथे अंधारात किंवा घाईत शिरायचं नाही. दिघी ते जयगड साधारण ६० सागरी मैल आहे, म्हणजे पाच नॉटच्या वेगाने बारा तास. ते एका दमात नको वाटलं तर हर्णैला थांबा. वायव्येच्या वाऱ्यापासून तिथे बऱ्यापैकी आडोसा मिळतो, मात्र ती जागा दक्षिणेकडून उघडी आहे हे लक्षात असू द्या.

आता भरतीचं गणित. तक्ता जवळ ठेवाच, पण पडताळ्यासाठी आपली जुनी रीत पाठ असू द्या: तिथीला पाऊणने गुणलं की मुंबईच्या आसपासची पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दक्षिणेकडे जाल तशी भरती थोडी आधी येते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पाण्याच्या चढउताराची. मुंबईत उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती साडेचार-पाच मीटरपर्यंत जाते. मालवण-वेंगुर्ल्याकडे उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपासच राहतो. म्हणजे रायगडात जो दांडा भरतीला आरामात ओलांडता येतो, तेवढाच उंच दांडा सिंधुदुर्गात भरतीलाही अडवू शकतो. उत्तरेत जमलं म्हणून दक्षिणेत जमेल असं धरू नका.

पाणी एकसारख्या वेगानेही चढत नाही. सहा तासांत चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, मग दोन, तीन, तीन, दोन आणि शेवटी एक. मुखात शिरायची वेळ तिसरा ते पाचवा तास. पाणी पुरेसं असतं आणि रुतलात तरी ते चढतच असतं. ऐन भरतीला शिरून रुतलात तर पुढची भरती येईपर्यंत अडकलात, आणि उधाण ओसरू लागलं असेल तर पुढची भरती तेवढी वर येणारही नाही.

ओहोटीला दांड्याच्या मुखात शिरू नका हे मी कितीही वेळा सांगेन. बाहेर पडणारं पाणी आणि समोरून येणारी लाट भिडली की दांड्यावर लाट उभी राहते आणि फुटते. समुद्राकडून पाहताना फक्त लाटांच्या पाठी दिसतात, फुटणारा चेहरा दिसतच नाही, म्हणून फसगत होते. पूर्णगडच्या मुखाशी एका तांडेलाला मी शिरताना नीट पाहिलंय. त्याने बाहेरच इंजिन मंद करून नाळ (होडीचं पुढचं टोक) समुद्राकडे धरली आणि बराच वेळ नुसत्या लाटा पाहिल्या. मोठ्या लाटांचा एक घोळका गेला तशी होडी वळवली आणि शेवटच्या लाटेच्या पाठीमागे चिकटून आत आला. तिला मागे टाकलं नाही आणि मागच्या लाटेला स्वतःला गाठूही दिलं नाही. होडी क्षणभरही आडवी झाली नाही. हेच करायचं असतं. बाजू साधारण अशी ओळखा: सड्याच्या (खडकाळ पठाराच्या) कड्याखालून खोल पाणी, पुळणीकडे (वाळूच्या किनाऱ्याकडे) उथळ. कड्यालगत सुटे खडक मात्र असतात. टोकाला शिसं बांधलेली, दर वावाला (साधारण सहा फुटांवर) खूण केलेली दोरी ठेवा. शिशाच्या बुडाला साबण चोपडला की तळाची वाळू किंवा चिखल चिकटून वर येतो आणि नांगर धरेल की नाही ते कळतं.

रुतलात तर इंजिन रेटू नका, इंजिन थंड ठेवणारं पाणी आत येतं त्या वाटेने वाळू ओढली जाते. पाणी चढत असेल तर खोल बाजूला नांगर टाकून थांबा. उतरत असेल तर पहिली काही मिनिटंच हातात असतात: तिघेही एका बाजूला जाऊन बोट कलती करा म्हणजे तळ उचलला जाईल, आणि छोट्या होडक्यातून नांगर खोल पाण्यात नेऊन दोर ओढा.

वादळाबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे पाऊस संपला की समुद्र मोकळा. फयान चक्रीवादळ ११ नोव्हेंबर २००९ला आलं आणि आपल्या किनाऱ्यावरचे कित्येक खलाशी परतले नाहीत. निसर्ग ३ जून २०२०ला रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकलं, तौक्ते मे २०२१मध्ये किनारा घासत गुजरातकडे गेलं. म्हणून तुम्ही डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंतच जा. या दिवसांत पहाटे मतलई वारा असतो, पाणी सपाट असतं. दुपारी खारा वारा वायव्येकडून उठतो. दक्षिणेला जाताना तो पाठीशी, परतताना नाकावर. परतीला जास्त दिवस ठेवा.

वादळ किनाऱ्यावर यायलाच हवं असंही नाही. ऑक्टोबर २०१९मध्ये क्यार भर अरबी समुद्रात होतं, तरी त्याच्या लाटांनी सिंधुदुर्गात पाणी वस्तीपर्यंत नेलं. वारा नसतानाही लांबून आलेली अशी फुगवण दांड्यावर फुटते. म्हणून हवामान खात्याच्या इशाऱ्याइतकंच इन्कॉइसचं (समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचं) लाटांचं भाकीत रोज पाहा. बंदरात तीन नंबरचा बावटा, म्हणजे धोक्याचा इशारा लागला की बाहेर पडू नका. इशारा आधी मिळाला तर खाडीत एक-दोन वळणं आत, कांदळवनाच्या आडोशाला जा. भरतीच्या खोलीच्या निदान सातपट दोर सोडा आणि मासेमारी बोटींच्या गर्दीपासून लांब राहा. एकीचा नांगर सुटला की ती दहांना घेऊन जाते.

आणि समुद्रातच गाठलं तर? जवळ दिसणाऱ्या दांड्याच्या खाडीकडे धावायचा मोह होईल, पण तिकडे जाऊ नका. विजयदुर्ग, देवगड किंवा जयगड उजेडात गाठता येत असेल तर गाठा. नाहीतर किनाऱ्यापासून दूर खोल पाण्यात जा, शीड उतरवा, लाइफ जॅकेट घालून स्वतःला बोटीला बांधा आणि नाळ लाटेकडे ठेवा. मोकळ्या पाण्यात त्रास खूप होतो, पण दांड्यावर बोट उलटते.

निघण्याआधी प्रत्येक टप्प्याची कल्पना बंदर कार्यालयाला आणि सागरी पोलिसांना द्या, कागदपत्रं आणि ओळखपत्रं सोबत ठेवा. व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ) १६ नंबरवर चालू असू द्या, तटरक्षक दलाचा फोन नंबर १५५४ लिहून ठेवा. रायगडात रात्री किनाऱ्याजवळून जाऊ नका, डोल जाळ्यांचे (समुद्रात रोवलेल्या मासेमारीच्या जाळ्यांचे) खुंट अंधारात दिसत नाहीत. मालवणला तर दिवसा आणि तिथला माणूस बोटीवर घेऊनच शिरा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक पाण्याखाली एवढे पसरले आहेत की वाट माहीत असल्याशिवाय तिथे जाण्यात अर्थ नाही.