चेकनाक्यापलीकडे पेट्रोल स्वस्त?

प्रश्न: मुलुंडला राहते, स्कूटर चालवते. जवळच्या दोन पंपांवर पेट्रोलचा रेट दहा-बारा पैशांनी वेगळा दिसतो. हे म्हणतात चेकनाका ओलांडून ठाण्यात भर, तिकडे स्वस्त पडतं. खरंय का? आणि सुरतला जाताना आमची डिझेल गाडी गुजरातमध्येच फुल करायची असंही ह्यांचं ठरलेलं असतं. – एक वाचक

उत्तर: ताई, नाक्यावरची जकात २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हाच गेली, आणि पेट्रोल-डिझेल तर अजून जीएसटीत नाहीच, त्याच्यावर केंद्राची एक्साइज आणि राज्याचा व्हॅट लागतो, आणि व्हॅटला मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळं सारखंच. पैशांचा फरक येतो तो डेपोपासून पंपापर्यंतच्या टँकरच्या भाड्यामुळे आणि कंपनी-कंपनीच्या रेटमुळे. खाजगी कंपन्यांच्या पंपांवर तो जरा जास्तही असू शकतो. पण स्कूटरची टाकी पाच लिटरची, बारा पैशांनी वाचणार साठ पैसे, आणि ठाण्याला जाऊन यायला चार-पाच किलोमीटर म्हणजे नऊ-दहा रुपयांचं पेट्रोल जळणार. ह्यांना हा हिशोब दाखवा.

पैसे जातात ते दुसरीकडेच. पंपावर पोरगा घाईत "पॉवर टाकू ना?" विचारतो, आपण पर्समध्ये सुट्टे शोधत मान हलवतो आणि लिटरमागे काही रुपये जास्तीचे जातात. ते प्रीमियम पेट्रोल. तुमच्या स्कूटरच्या मॅन्युअलमध्ये साधं ९१ ऑक्टेन चालतं असं लिहिलं असेल तर ते घ्यायची काही गरज नाही, स्पष्ट "साधं टाका" म्हणायचं. नोझल टाकीत जायच्या आधी मीटरवर झिरो आहे का ते बघा, आणि फोन नंतर. (शंभरऐवजी एकशे दहाचं टाका म्हणजे माप बरोबर मिळतं, हा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतच असतो. आकडा कुठलाही टाकला तरी मशीन लिटर त्याच पद्धतीने मोजतं.) मापाचीच शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, त्यात भरून दाखवा म्हणायचा गिऱ्हाइकाला हक्क आहे, २५ मिलीपर्यंत कमी-जास्त चालतं, त्यापेक्षा कमी भरलं तर तक्रार करा. पंपवाला तोंड वाकडं करेल, करू दे.

आता सुरत. गुजरातमध्ये पेट्रोलवर व्हॅट १३.७ टक्के आणि वर ४ टक्के सेस, आपल्याकडे २५ टक्के आणि शिवाय लिटरमागे पाच रुपयांच्या वर, त्यामुळे पेट्रोल तिकडे आठेक रुपयांनी स्वस्त मिळत आलंय. डिझेलचं तसं नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबई-ठाण्यातला डिझेलचा व्हॅट २४ वरून २१ टक्क्यांवर आला आणि इकडच्या-तिकडच्या डिझेलमधला फरक जवळपास मिटलाच. तेव्हा पेट्रोल गाडी असेल तर अच्छाडच्या (महाराष्ट्र-गुजरात सीमेवरचा नाका) पुढे जाऊन खुशाल टाकी फुल करा, डिझेलसाठी तिकडे रांगेत थांबू नका.