वाचक विचारतात: कुप्याच्या ट्रोलिंगला ल्युअर नेमका किती खोल जातो?

गेल्या अंकात कुप्याच्या, म्हणजे टुनाच्या ट्रोलिंगवर थोडं लिहिलं होतं, की चालत्या बोटीमागे ल्युअर, म्हणजे माशासारखं दिसणारं नकली आमिष, ओढत न्यायचे आणि खालून मासा येऊन धरतो, बास एवढंच. त्यावर बडोद्यातून इतके प्रश्न आले की खरंच बरं वाटलं, समुद्र आपल्यापासून एवढा लांब असूनही. सगळे घेता येत नाहीत. पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिलीये कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडलंय.

प्रश्न (मांजलपूर): दादा, जानेवारीत आम्ही चार मित्र अंदमानला चाललोय, चार्टर बोट बुक झाली. मी रापाला कंपनीचा एक्स-रॅप मॅग्नम 30 हा ल्युअर मागवलाय, खोक्यावर 30 फूट लिहिलंय. बोटवाल्याला फोनवर सांगितलं की माझ्या रीलवर 80 पौंडाची मोनो (एकाच धाग्याची नायलॉनची लाइन) आहे, तर तो म्हणाला मग 20 फूट गेला तरी खूप. आता खोकं खरं की बोटवाला?

उत्तर: दोघंही खरं बोलतायत, खोक्यावरचा आकडा बारीक लाइनवरचा आहे आणि तुमची लाइन जाड आहे.

आधी ल्युअर खाली का जातो ते बघा. त्याच्या तोंडाला जी तिरकी पट्टी असते, लिप म्हणतात तिला, तिच्यावर समोरून पाणी आदळतं आणि त्या दाबाने ल्युअरचं नाक खाली ढकललं जातं. पण त्याच वेळी पाण्यातून ओढली जाणारी सगळी लाइनसुद्धा पाण्याला अडते आणि ती ल्युअरला वर खेचत राहते. हे दोन जोर जिथे सारखे होतात तिथे ल्युअर थांबतो, त्याच्या खाली तो जात नाही, तुम्ही काहीही करा. म्हणून लाइन जेवढी जाड तेवढा ल्युअर वर. 80 पौंडाची मोनो साधारण एक मिलिमीटरच्या आसपास जाड असते आणि तेवढ्याच ताकदीची ब्रेड (अनेक धागे विणून केलेली लाइन) तिच्या निम्म्याहूनही बारीक, त्यामुळे ब्रेडवर तोच ल्युअर सहज कितीतरी खाली उतरतो.

यात दोन गैरसमज फार पसरलेत. एक म्हणजे लाइन जेवढी जास्त सोडाल तेवढा ल्युअर खोल. सुरुवातीला हे खरं आहे, पहिल्या तीस-चाळीस मीटरपर्यंत फरक चांगला पडतो, पण पुढे पुढे सोडलेली लाइन स्वतःच ओझं होते आणि खोली वाढेनाशी होते, उलट वळताना दोन लाइनींचा गुंता व्हायची भीती वाढते. दुसरा गैरसमज, बोट जोरात पळवली की ल्युअर अजून खाली जाईल. नाही जात. वेग वाढला की लिपवरचा दाब वाढतो तसा लाइनवरचाही वाढतो, हिशोब जवळपास तिथल्या तिथेच राहतो, आणि ल्युअरच्या सहनशक्तीच्या पलीकडे गेलात तर तो कुशीवर पडून गिरक्या घेत थेट वर येतो. प्रत्येक ल्युअरची मर्यादा वेगळी, पण 6 ते 8 नॉट, म्हणजे ताशी 11 ते 15 किलोमीटर, यात बहुतेक खोल जाणारे ल्युअर नीट चालतात.

तर तुम्ही असं करा. रीलवर 50 ते 80 पौंडाची ब्रेड भरून घ्या, पुढे काही मीटर मोनो, कारण ब्रेड अजिबात ताणली जात नाही आणि कुप्याचा पहिला झटका कुठेतरी मुरला पाहिजे, आणि ल्युअरला दोनेक मीटरचा 100-150 पौंडाचा लीडर, म्हणजे लाइनच्या टोकाचा जाड तुकडा. लीडर उगाच पाच मीटर लांब आणि दोरखंडासारखा जाड लावू नका, ब्रेड घेऊन कमावलेली खोली तिथेच गमावून बसाल. तारेचा लीडर मी कुप्यासाठी लावणार नाही, त्याची नजर फार तीक्ष्ण असते. तिथे वाहू नाहीतर बॅराकुडा हे धारदार दातांचे मासे ल्युअर कापून नेत असतील तर गोष्ट वेगळी, मग आखूड तार लावा. ड्रॅग, म्हणजे किती जोराने ओढल्यावर रील लाइन सोडेल तो ब्रेक, लाइनच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत ठेवायचा, आणि हे अंदाजाने करू नका, बॅग तोलायचा जो हातातला काटा मिळतो तो लाइनला अडकवून इथे बडोद्यातच घरी मोजून घ्या, बोटीवर डुलत असताना ते जमत नाही.

आणि आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. त्या 30 च्या आकड्यामागे एवढं धावू नका. सकाळी-संध्याकाळी कुपा बारक्या माशांना वर रेटत आणतो, पाणी उसळतं, वर पक्षी तुटून पडलेले असतात, तेव्हा पृष्ठभागावरचे झालरवाले ल्युअरसुद्धा चालतात. ऊन चढलं की तो खाली जातो आणि तेव्हा खोल जाणाऱ्या ल्युअरचा खरा उपयोग. पण कुपा खालून वर बघून शिकार करतो, उजेडाच्या पार्श्वभूमीवर हलणारी आकृती त्याला लांबून दिसते, त्यामुळे तो पुष्कळ खाली असेल तरी नीट पोहणाऱ्या ल्युअरसाठी वर येतो. 20 फुटावर बरोबर डुलत जाणारा ल्युअर 30 फुटावर वेडावाकडा जाणाऱ्यापेक्षा कधीही चांगला. ज्या रापालाचा ल्युअर तुम्ही घेतलाय ना, त्या लाउरी रापाला नावाच्या फिनलंडच्या कोळ्याने 1936 मध्ये पहिला ल्युअर बुचाचा कोरला तो याच निरीक्षणावर, की मोठा मासा थव्यातला जो जरा वेगळा, जखमी असल्यासारखा डुलतो त्यालाच धरतो. सगळी करामत त्या डुलण्यात आहे, खोली नंतर.

प्रश्न (निझामपुरा): तो नीट पोहतोय हे वर बसून कसं कळणार? माझा एक ल्युअर सारखा डाव्या बाजूला पळतो.

उत्तर: रॉडच्या टोकाकडे बघत राहायचं. ल्युअर बरोबर चालत असला की टोक एकसारखं थरथरतं, बारीक आणि न थांबता. थरथर थांबली, जड झाली किंवा मधेमधे तुटायला लागली की समजा शेवाळ नाहीतर प्लास्टिकची पिशवी अडकली, लगेच गुंडाळून साफ करा. मी माणसं बघितलीत जी तासभर शेवाळ ओढत बसतात आणि मग म्हणतात आज मासाच नाही. बोटीवर रॉड फिक्स करून गप्पा मारायला बसू नका, प्लीज, कोणीतरी एकाने टोकांवर नजर ठेवायचीच.

डाव्या बाजूला पळणाऱ्यासाठी, ल्युअर पाण्यात जातो तसाच धरा, नाक तुमच्यापासून पुढे, आणि जिथे लाइन बांधतो ती कडी पक्कडीने उजवीकडे अगदी केसभर वाकवा. ज्या बाजूला जायला हवा त्या बाजूला कडी, एवढं लक्षात ठेवा. जास्त वाकवलीत तर तो दुसरीकडे पळेल आणि पुन्हा पुन्हा वाकवून कडी कमजोर होईल. मग तीन-चार मीटर लाइनवर बोटीच्या कडेलाच, ट्रोलिंगच्या वेगात ओढून बघायचा, सरळ खाली घुसून थरथरत राहिला की मागे सोडा. एकाने विचारलंय की हे आधी विश्वामित्रीत करून बघू का. नका करू. तिथे मगरी आहेत, काठावर उतरायचंच नाही, आणि चालत्या बोटीचा वेग तुम्हाला काठावरून मिळणारही नाही.

प्रश्न (दांडिया बाजार): अंदमान कशाला, दहेज-खंभात इथून दोन-तीन तासांवर आहे, तिथूनच होडी घेऊन ट्रोलिंग केलं तर?

उत्तर: काका, तुमची हौस समजते पण खंभातच्या आखातात कुपा मिळणार नाही. नर्मदा, तापी, मही, साबरमती सगळ्या आपला गाळ तिथेच आणून टाकतात आणि भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरच्याही वर जातो, म्हणजे तो गाळ कधी खाली बसतच नाही. कुपा नजरेने शिकार करणारा मासा, त्याला अशा गढूळ पाण्यात काही दिसत नाही. आणि पाण्याची ओढ इतकी की लहान होडी घेऊन तिथे जाणं धोक्याचं आहे, हे मी मनापासून सांगतो.

गुजरातचा कुपा सौराष्ट्राच्या बाजूला. वेरावळ, पोरबंदर, ओखा या बंदरांवर लांबशेपट्या कुपा आणि गेदर नावाचा दुसरा कुपा जाळ्यात येतात, हे दोन्ही किनाऱ्यापासून फार दूर नसलेल्या उथळ समुद्रातही फिरतात. पिवळ्या पराचा मोठा कुपा मात्र खोल निळ्या पाण्याचा, आणि आपल्या बाजूला समुद्राचा उथळ तळ इतका रुंद आहे की खंभातच्या समोर शंभर मैलांहून जास्त बाहेर गेल्याशिवाय खरी खोली लागत नाही. अंदमान आणि लक्षद्वीपला बेटाच्या कडेलाच तळ एकदम खाली जातो, म्हणून थोड्याच वेळात मासा असलेल्या पाण्यात पोचता येतं. लक्षद्वीपला आपल्यालाही प्रवेशाचा परवाना लागतो, तो आधी काढा.

सौराष्ट्रातून कोणा टंडेलाच्या, म्हणजे बोटीच्या नाखव्याच्या, ओळखीने जाणार असाल तर हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उपग्रहावरून समुद्राचं तापमान आणि क्लोरोफिल बघून मासे कुठे असण्याची शक्यता आहे ते फुकट सांगते, टुनासाठी वेगळी सूचना असते, ती बघून निघा. आणि 1 जूनपासून पावसाळ्याचे दोन-अडीच महिने पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंदी, त्या दिवसांत विषयच काढू नका.

प्रश्न (वाडी): दोन खोल जाणारे आणि तीन वरचे ल्युअर एकत्र ओढले तर गुंततात. कोणता कुठे?

उत्तर: खोल जाणारे जवळ, बोटीच्या मागच्या कोपऱ्यातल्या रॉडवर, ते सरळ खाली जातात त्यामुळे वरच्यांच्या वाटेत येत नाहीत. वरचे त्यांच्या मागे लांब. वळण मोठं घ्यायला सांगा. एक मासा लागला की लगेच बोट थांबवू नका, कुपा थव्याने असतो, थोडं पुढे गेलात की बऱ्याचदा दुसराही लागतो. आणि तिहेरी गळ काढून एकेरी लावा. पकड घट्ट बसते, माणसाच्या हातात गळ घुसण्याची भीती कमी होते, आणि लहान कुपा सोडायचा असेल तर त्याचं तोंड फाटत नाही. सोडताना त्याला कडेवरून हलकेच ठेवू नका, डोकं खाली करून जोरात पाण्यात घाला, कारण कुपा पोहत राहिला तरच त्याच्या कल्ल्यांतून पाणी जातं, थांबला तर गुदमरतो.

प्रश्न (रावपुरा): आमचे हे गेल्या वर्षी कुपा पकडून आले, संध्याकाळी बोटीवरच शिजवून खाल्ला तर दोघांची तोंडं लाल झाली, डोकं दुखलं, अंगावर पुरळ. मासा तर ताजाच होता ना?

उत्तर: ताई, ताजा होता पण गार ठेवला नसणार. कुप्याचं रक्त इतर माशांपेक्षा गरम असतं आणि झुंजीत तो अजून तापतो, तसाच उन्हात डेकवर पडला तर जिवाणू त्याच्या मांसात हिस्टामिन तयार करतात. वासावरून कळत नाही, आणि मुख्य म्हणजे तळून उकळून ते जात नाही. तोंड लाल, डोकेदुखी, खाज ही त्याचीच लक्षणं, मिनिटांत नाहीतर तासा-दोन तासांत दिसतात. बहुतेक वेळा आपोआप उतरतं, पण श्वास लागला तर लगेच डॉक्टर.

यावेळी त्यांना सांगा, मासा वर आला की लगेच रक्त काढायचं, कल्ले आणि आतडी काढून टाकायची आणि बर्फात पुरायचा, नुसता वर बर्फ टाकून नाही तर बर्फ आणि समुद्राचं पाणी मिसळून केलेल्या गार पाण्यात बुडवून, म्हणजे आतपर्यंत गार होतो. 4 अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, घरी येईपर्यंत. बर्फाची पेटी ल्युअरच्या आधी बोटीवर चढली पाहिजे. शिजवताना मधली काळपट लाल पट्टी नको असेल तर काढा, तिला उग्र चव असते, बाकीच्या तुकड्यांना हळद, मीठ, चिंचेचा कोळ लावून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि जास्त तळू नका, कोरडा पडतो.