कोंबडी कुठल्या कपाटात?

प्रश्न : आमच्या गिरगावच्या वाचनालयात पक्ष्यांचं पुस्तक एका टोकाला आणि कुक्कुटपालनाचं दुसऱ्या टोकाला. असं का?

उत्तर : ताई, तीस वर्षं मी ग्रंथालयात पुस्तकांच्या कण्यावर वर्गीकरणाचे आकडे चिकटवले. मेल्विल ड्युई या अमेरिकी ग्रंथपालाच्या १८७६च्या वर्गीकरण पद्धतीत ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे पुन्हा दहा. ५०० विज्ञान, ५९० प्राणी, ५९८ पक्षी. कोंबड्या पाळणं मात्र ६३० शेतीत, ६३६ पशुपालनाखाली, ६३६.५ वर. जीव तोच, पण आधी ज्ञानशाखा बघतात. मला खरं खुपतं ते वेगळंच. इंग्रजी साहित्याला अख्खं ८२० आणि आपल्या मराठीला ८९१.४६! म्हणून आपले भारतीय ग्रंथपाल रंगनाथन यांची १९३३ची द्विबिंदू (कोलन) वर्गीकरण पद्धत मला जवळची वाटते. तिच्यात विषयाचे पैलू सुटे करून जोडतात.