व्हर्साय, हिटलर आणि तहातून उरलेला राग

पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीवर १९१९ मध्ये लादलेला व्हर्सायचा तह इतका जाचक नसता तर हिटलर सत्तेवर आला नसता का, हा तुमचा प्रश्न. तहाने राग पेरला हे नक्की. पण त्याचं पुढे काय झालं, ते विजेत्यांच्या नंतरच्या वागण्यावर ठरलं, असं माझं मत आहे.

जर्मनीचा सुमारे १३ टक्के प्रदेश गेला, सैन्य एक लाखावर आलं. १९२१ मध्ये भरपाईचा आकडा ठरला १३२ अब्ज सुवर्ण मार्क. त्यातला मोठा भाग कधीच वसूल होणार नाही हे विजेतेही जाणून होते, पण लोकांच्या कानावर पडला तो पूर्ण आकडा. सगळ्यात झोंबलं ते नुकसानीची जबाबदारी जर्मनीवर टाकणारं कलम २३१. त्यात १९१८ च्या शस्त्रसंधीच्या वेळी जर्मन फौजा परमुलखातच होत्या. पराभव घरच्यांनी डोळ्यांनी पाहिलाच नव्हता, म्हणून 'घरभेद्यांनी घात केला' ही थाप सहज खपली. शस्त्रसंधीवर सही करणारे जर्मन नेते एर्त्सबेर्गर यांचा १९२१ मध्ये खून झाला, आणि कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, मात्र हॉलंडमध्ये सुरक्षित राहिला. युद्ध त्याच्या राजवटीने लढलं आणि अपमान नव्या लोकशाहीच्या माथी आला, हे मला फार लागतं.

तरीही १९२८ च्या निवडणुकीत नाझींना तीन टक्केही मतं नव्हती. जुलै १९३२ मध्ये ती ३७ टक्क्यांवर गेली. मधल्या काळात महामंदी आली होती, लाखो लोक बेकार झाले होते. जुन्या रागाला आता ऐकणारे मिळाले.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९४५ च्या अटी तर याहून कडक होत्या: बिनशर्त शरणागती, परकीय फौजांचा ताबा, देशाची फाळणी. पण पश्चिम जर्मनीला अमेरिकेच्या मार्शल योजनेची मदत मिळाली, १९५३ मध्ये जुन्या कर्जातला साधारण निम्मा भाग माफ झाला, १९५५ मध्ये नाटोचं सदस्यत्वही मिळालं. नेपोलियननंतरच्या फ्रान्सलाही १८१८ मध्येच बड्या राष्ट्रांच्या बैठकीत परत घेतलं होतं.

वायमार प्रजासत्ताकाला, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन लोकशाहीला, सवलती मिळाल्या, पण तुटपुंज्या आणि उशिरा. १९३१ मध्ये त्याने ऑस्ट्रियाशी नुसता जकात संघ करायचं ठरवलं, तर फ्रान्सने तो हाणून पाडला. १९३८ मध्ये हिटलरने अख्खा ऑस्ट्रिया गिळला, तेव्हा कोणी बोटही उचललं नाही.