नर्सिंगनंतर परदेशात सामुदायिक आरोग्यात मास्टर्स करावं का?

तुम्ही बीएस्सी नर्सिंगनंतर नॉर्वेतल्या ऑस्लोला सामुदायिक आरोग्यात मास्टर्स करण्याबद्दल विचारलंय. आधी पैशाचं बघा. नॉर्वेत सरकारी विद्यापीठांत शिक्षण फुकट, हे जुनं झालं. 2023 च्या शरद सत्रापासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी भरावी लागते. वर राहण्याचा खर्च वेगळा.

या विषयाचा जीव प्रबंधासाठीच्या फील्डवर्कमध्ये असतो. साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र वर्गात शिकता येतं, पण बाई सरकारी दवाखान्यात का येत नाही हे तिच्या ओट्यावर बसल्याशिवाय कळत नाही. जामखेडचे आरोळे आणि गडचिरोलीचे बंग, या दोन्ही डॉक्टर दांपत्यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून इथे गावांत आरोग्याचं काम उभारलं. बंगांनी गावातल्या बायकांना शिकवून घरीच नवजात बाळांची काळजी घेतली; 1999 च्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या शोधनिबंधानुसार तिथला नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी घटला.

म्हणून माझं मत: आधी दोनेक वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा संस्थेत काढा. अर्जातल्या निवेदनात लिहायला काहीतरी खरं हाताशी येईल. शिष्यवृत्ती नाहीच मिळाली तर मुंबईचं टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) किंवा सार्वजनिक आरोग्य शिकवणारं तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र बघा. कर्ज काढून जाऊ नका, या क्षेत्रातले सुरुवातीचे पगार हप्ते झेपतील असे नसतात.